साथीच्या काळात मंडळ कसं चालू ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागून डेंग्यूचे पेशंट दिसायला लागले की आम्हाला फोन सुरू होतात. येळ्ळूर, उचगाव, खानापूर, कधी निपाणीकडून. विचारणारी पोरं दरवेळी वेगळी, प्रश्न बहुतेक तेच. आमचं मंडळ बेळगावात वडगाव-शहापूर भागात काम करतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात धान्य-कपडे गोळा करताना आमची माणसं जुळली आणि पुढच्याच मार्चमध्ये कोरोना आला. त्या दोन वर्षांत जे हाताला लागलं आणि जे चुकलं, ते इथं लिहून ठेवलंय. पुढच्या साथीत कुणाला सगळं पहिल्यापासून ठेचा खात शिकायला लागू नये.

साथ आली. पहिल्या दिवशी मंडळानं काय करायचं?

वही घ्यायची. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. एका घराला एक पान. घरात माणसं किती, साठीच्या वरचं कोण, बीपी-शुगरची रोजची गोळी कुणाला, कुणी एकटं राहतं का, गरोदर बाई आहे का, डायलिसिसला कोण जातं, लेक-मुलगा परगावी असतील तर त्यांचा नंबर.

हे आम्हाला उशिरा कळलं. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देश बंद. पहिला आठवडा आम्ही मास्क आणि सॅनिटायझर मिळवण्यात घालवला. त्याच आठवड्यात आमच्याच गल्लीत, मागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या एका आजीची बीपीची गोळी संपून सहा दिवस झाले होते. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दुकानं बंद हाईत की रे बाळा, कुणाला सांगू?" औषधाची दुकानं उघडी होती, पण ते त्यांना सांगायला कुणी गेलं नव्हतं. आम्ही रोज त्यांच्या दारावरून जात होतो. त्या संध्याकाळी वही सुरू झाली.

वही भरायला दुकानदार, दूधवाले आणि गल्लीतल्या जुन्या बायका यांच्याइतकी मदत कुणाचीच होत नाही. आणि वहीतली आजाराची माहिती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. वही एका घरात राहते, दोघांनाच बघता येते.

माणसं किती लागतात?

दहा-पंधरा घरांना एक माणूस. त्याहून जास्त घरं दिली तर तो फोन करायचं टाळतो. ज्यांच्या घरी आजारी किंवा म्हातारी माणसं आहेत त्यांना फोनचं आणि हिशेबाचं काम द्या, बाहेरचं नको.

दवाखाने, आशा ताई, महापालिका सगळं आहे. मग मंडळाचं काम काय?

त्यांची कामं आपण करायची नाहीत. तपासणी, औषध, कुणाला दवाखान्यात न्यायचं हा निर्णय, हे सगळं त्यांचं. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नसतं: कुठल्या दारामागं कोण आहे याची ओळख. आशा ताईकडे शेकडो घरं असतात. आमच्या वहीमुळे त्यांचा अर्धा दिवस वाचायचा आणि त्यांच्यामुळे आमच्या पोरांना घरात पाऊल ठेवता यायचं. पहिल्याच आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन भेटा. हार-तुरे नकोत. "आमच्याकडे एवढी माणसं आहेत, काय करू?" एवढंच विचारा.

आपल्या सीमाभागात आणखी एक काम आहे आणि ते दुसरं कुणी करत नाही. सरकारी सूचना कन्नडमध्ये येतात. दवाखान्याचा कागद इंग्रजीत येतो. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना मराठीच वाचता येतं आणि काहींना तेही नाही. हेल्पलाइनवर पलीकडून कन्नड ऐकू आलं की माणूस गांगरून फोन ठेवून देतो. आमच्या गल्लीतल्या दोन कन्नड शेजाऱ्यांनी हे काम अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी नवी सूचना आली की ते वाचून सांगायचे, आम्ही मोठ्या अक्षरात मराठीत लिहून किराणा दुकानाच्या दाराला चिकटवायचो. एका शेजाऱ्यानं कन्नडमध्ये १०४ या आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून वीस घरांची बोलणी केली असतील. त्या माणसाचे उपकार आमची गल्ली विसरणार नाही.

रोज फोन करून नेमकं काय विचारायचं?

"बरं आहे का?" विचारलं तर "बरं आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी आज काय जेवलात, गोळ्या किती उरल्यात, रात्री झोप लागली का, जिना चढताना दम लागतो का, असं विचारा. चार दिवस रोज एकच आवाज कानावर पडला की माणूस पाचव्या दिवशी खरं सांगतो.

मनानं खचलेली माणसं याच फोनवर सापडतात. वडगाव, खासबाग, शहापूर हा मागवाल्यांचा भाग. टाळेबंदीत माग थांबले, तयार साड्या घरात पडून राहिल्या, मजुरी बंद. आवाज बसलेला असेल, माणूस "आता कशाला" असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा आणि १४४१६ या टेलि-मानस नंबरावर त्याच्याजवळ बसून फोन लावून द्या. २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे आणि ती फुकट आहे. आमच्या वेळी ती नव्हती. आम्ही नुसते त्यांच्या दारात बसायचो.

धान्याच्या किटमध्ये काय घालायचं?

जे ते घर रोज खातं ते. आम्ही पहिल्यांदा गव्हाचं पीठ भरलं. ज्या घरात रोज ज्वारीची भाकरी आणि भात होतो तिथं ते पीठ तसंच राहिलं. नंतर तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, तेल, तिखट, मीठ, चहापूड, साखर, अंगाचा आणि कपड्याचा साबण असं ठरलं. सॅनिटरी पॅड घालायचं मंडळातल्या बायकांनी सुचवलं. आम्हा पुरुषांना दोन महिने ते सुचलं नव्हतं. लहान बाळ असेल तर दूध पावडर परस्पर देऊ नका, आईला आधी आशा ताईशी बोलू द्या.

फोटो काढायचा नाही. आम्ही पहिल्या वाटपाचे काढले होते. एका कारागिरानं, ज्याच्या हाताखाली कधीकाळी सहा माणसं कामाला होती, फोटो बघून दुसऱ्या वेळचं किट परत पाठवलं. त्यानंतर किट अंधार पडल्यावर दाराशी ठेवून फोन करायचा, अशी पद्धत लावली. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर दुकानाची पावती दाखवा.

पैसे कुठून आणायचे आणि हिशेब कसा ठेवायचा?

गणपतीची वर्गणी देणारी घरंच पहिली. २०२० आणि २०२१ मध्ये शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघाली नाही, गणपतीही साधेपणानं झाला. मंडप आणि वाजंत्रीचे जे पैसे वाचले ते आम्ही सभा घेऊन, सह्या करून सेवेच्या खात्यात वळवले. सभा मात्र घ्याच. देवाच्या नावानं दिलेला पैसा परस्पर वळवला असं एकाच्या जरी मनात आलं तरी पुढची वर्गणी गेली.

दर रविवारी जमा-खर्च कागदावर लिहून भिंतीला लावायचा. रोख देणगीलाही पावती फाडायची. आयकर सवलतीची ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. परदेशातले गल्लीकर मदत करतो म्हणतात तेव्हा पासपोर्ट भारतीय आहे का ते विचारा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाचा पैसा विदेशी देणगी ठरतो आणि एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या नोंदणीशिवाय मंडळाला तो घेता येत नाही.

ऑक्सिजनची सोय मंडळानं करावी का?

डॉक्टर पाठीशी असेल तरच. ऑक्सिजन हे औषध आहे. किती लिटरनं लावायचा ते डॉक्टर ठरवतात, आपण नाही.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात दुसरा पर्याय नव्हता म्हणून आम्ही यात पडलो. तेव्हा शिकलेला हिशेब असा. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटर लावला तर तो जेमतेम २३ तास पुरतो. लहान, १,५०० लिटरचा सिलिंडर पाच तासांत संपतो. म्हणजे रात्री अकराला लहान सिलिंडर लावला तर पहाटे चारला दुसरा दारात हवा. हा हिशेब घरच्यांना कागदावर लिहून द्या. कॉन्सन्ट्रेटर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतो, त्याला भरावं लागत नाही, पण वीज गेली की तो बंद. त्यामुळे कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरीही एक भरलेला लहान सिलिंडर ठेवायचा. खोलीत दिवा, उदबत्ती, गॅस, बिडी काही नको. सिलिंडरच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लागू द्यायचं नाही.

आणि चावी. मे महिन्यात एका रात्री एक वाजता खासबागेत सिलिंडर पोचवला. दोघांनी उचलून माडीवर नेला. आतल्या खोलीत पेशंट पालथे झोपलेले, मुलगा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलेला. सिलिंडर उभा केला आणि लक्षात आलं, तोंड उघडायची चावी गोदामातच राहिली. गाडीवरून जाऊन यायला वीस मिनिटं लागली. तोवर तो मुलगा आमच्याकडे न बघता बापाच्या श्वासाबरोबर स्वतःही श्वास घेत होता. पेशंट वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारातून चाव्या आणल्या आणि एकेका सिलिंडरच्या मानेला तारेनं बांधून टाकल्या. तुम्हीही बांधा.

ऑक्सिमीटरचा आकडा कमी आला तर?

आधी हात बघा. एका आजींचा आकडा ८८ आला आणि सगळं घर रडायला लागलं. भांडी घासून हात थंडगार पडले होते. तळवे चोळून ऊब आणली, दुसरं बोट लावलं, मिनिटभर थांबलो, ९६ आला. मेंदी किंवा नेलपॉलिश असलं तरी आकडा चुकतो. हे सगळं करूनही ९४ च्या खाली राहिला तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर. दम लागलेला दिसत असेल तर आकडा कितीही असो, १०८.

मंडळानं औषधं वाटली तर चालतात का?

चिठ्ठी असलेल्या माणसाला दुकानातून आणून द्या. स्वतःहून एकही गोळी देऊ नका. दुसऱ्या लाटेत शेजाऱ्याची चिठ्ठी बघून स्टेरॉइड घेणारे लोक आम्ही पाहिले. त्यानं शुगर भडकते, आणि काळ्या बुरशीचा आजार अशाच पेशंटांत जास्त दिसला. डेंग्यूच्या दिवसांत तर आणखी जपायला हवं. तापात अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखीला म्हणून घरात पडलेली गोळी घेऊ नका, हे दारोदार सांगणं हीच खूप मोठी सेवा आहे.

नातलग सीमेपलीकडे आहेत. नाका बंद झाला की काय करायचं?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मंडळांना पडत नसेल. आपल्याकडे माहेर चंदगड-गडहिंग्लजला, सासर बेळगावात. निपाणीची माणसं दवाखान्याला कोल्हापूरला जातात, मिरजेलाही जातात. २०२१ च्या फेब्रुवारीनंतर महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायला लागला आणि कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या.

आम्ही पलीकडच्या गावातल्या एका मंडळाशी जोडी बांधली. बाची-शिनोळीच्या रस्त्यावर, पोलिसांना सांगून, ठरलेल्या वेळी अलीकडून आमचा माणूस औषधाची पिशवी आणायचा, पलीकडून त्यांचा माणूस यायचा. इन्सुलिन थर्मासमध्ये, पिशवीवर नाव आणि नंबर. एकदा एक लेक स्वतःच पलीकडे येऊन उभी राहिली. आई अलीकडे आमच्याबरोबर आली होती. मध्ये बॅरिकेड. दोघी दहा मिनिटं नुसत्या उभ्या होत्या, मग आई म्हणाली, "वाळलीस गं."

अशी जोडी साथ नसतानाच बांधून ठेवा. नंबर दोन्हीकडच्या वह्यांत हवेत. पेशंटला पलीकडे न्यायचं असेल तर आधी तिथल्या दवाखान्यात खाट आहे याची फोनवर खात्री करून घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, मगच गाडी काढा.

लसीकरणात मंडळ काय करू शकतं?

१ मार्च २०२१ ला साठीच्या वरच्यांना लस खुली झाली, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या वर, १ मेपासून अठरा वर्षांच्या पुढे सगळ्यांना. कागदावर सोपं होतं. पण नोंदणी मोबाइलवर, आणि ज्यांना लस आधी हवी त्यांच्याकडे साधा डबडा फोन. मारुतीच्या देवळाबाहेर टेबल टाकून दोन कॉलेजच्या पोरी बसवल्या. एका मोबाइलवर चार जणांची नावं घालता येत होती, त्यामुळे नातवाच्या फोनवर चार शेजारी आजोबा, असं आम्ही जुळवलं. दुसऱ्या डोसची तारीख वहीत लिहायची. मे महिन्यात कोव्हिशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे झालं तेव्हा सगळ्या तारखा पुन्हा लिहाव्या लागल्या. प्रत्येकाला फोन करून सांगितलं.

लसीला घाबरणाऱ्यांशी वाद घालू नका. ज्याचं ते घर ऐकतं त्याला पुढे करा. आमच्याकडे एका जुन्या माग मालकानं आधी स्वतः घेतली, दुसऱ्या दिवशी अंगात थोडा ताप घेऊनच कट्ट्यावर येऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "एक दिवस ताप येतो, मग जातो." त्याचा उपयोग पत्रकांपेक्षा जास्त झाला.

रक्तदान शिबिर साथीत घ्यावं का?

घ्यावं, पण एकाच दिवशी दोनशे जणांचा विक्रम नको. लाल पेशी साधारण ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच. एकदम रक्त जमलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा टंचाई. रक्तपेढीला विचारून आठवड्याला दहा-बारा दाते पाठवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. रक्तगटाची यादी वहीच्या शेवटच्या पानांवर.

कुणी गेलं तर?

सगळ्यात अवघड काम हेच. भीतीनं सख्खे भाऊ मागं सरकले, आणि शेजारी खांदा द्यायला आले, हे दोन्ही आम्ही पाहिलंय. मागं सरकलेल्यांना बोल लावू नका. त्यांना कुणी नियम नीट सांगितलेले नसतात. केंद्राच्या सूचनेप्रमाणे कोरोनाच्या मृतदेहाचं तोंड, कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून, नातलगांना बघता येत होतं. देहाला हात न लावता मंत्र म्हणता येत होते, पाणी शिंपडता येत होतं. राखेपासून धोका नव्हता, अस्थी नेता येत होत्या. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांनी शेवटचं तोंड पाहिलं नाही, अस्थी आणल्या नाहीत. ती खंत अजून त्या घरांत आहे. पुढच्या साथीत नियम वेगळे असतील. ते पहिल्याच दिवशी मिळवा, मराठीत लिहून काढा, आणि मंडळातला एक शांत माणूस फक्त याच कामाला ठेवा.

डेंग्यूत वेगळं काय करायचं?

डेंग्यू माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे इथं लांब राहायचं नाही, घरोघर आत जायचं. डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळ्या गल्लीनं भांडी, हौद, पिंपं रिकामी करून घासायची. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे बायका पाणी ओतून द्यायला तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तिथं घट्ट झाकण किंवा जुन्या साडीचं फडकं दोरीनं बांधून द्या. फ्रिजच्या मागची ताटली आणि माडीवरचे टायर बघायला विसरू नका. ताप उतरल्यावर पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना. ताप गेला म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि धोक्याचे दिवस तेच असतात.

खानापूरच्या जंगलाकडच्या मंडळांनी माकडतापाचीही, म्हणजे रानातल्या गोचिडी चावून येणाऱ्या तापाची, माहिती ठेवावी. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये दोडामार्गला तो आला होता, आणि काजूच्या दिवसांत रानात जाणारी माणसं आपलीच आहेत. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

साथ ओसरली की मंडळ पुन्हा गणपतीपुरतं करायचं का?

आमची निम्मी माणसं लाट ओसरल्यावर दमून घरी बसली, आणि ते साहजिक होतं. पण खरी कागदाची कामं तेव्हाच सुरू झाली. कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये, कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं कमावतं माणूस गेलं असेल तर राज्याचे आणखी १ लाख, आई-बाप गेलेल्या मुलांना बालसेवा योजनेत महिन्याला ३,५०० रुपये. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नाही, नावात फरक, आधारवर जुना पत्ता, अशा कारणांनी अर्ज अडकायचे. आमच्या एका निवृत्त कारकून काकांनी वर्षभर रोज सकाळी दहा ते बारा फक्त हेच केलं. नवरा गेलेल्या एका बाईचा अर्ज तीनदा परत आला. चौथ्या वेळी ते स्वतः तिच्याबरोबर गेले आणि साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तो तिनं आधी त्यांना दाखवला, कारण तो इंग्रजीत होता.

तुमची वही बघायला मिळेल का?

भरलेली नाही, ती लोकांची आहे. कोरी रकाने आखलेली प्रत हवी असेल तर रविवारी सकाळी मंडळात या, झेरॉक्स काढून ठेवलेल्या असतात. येताना तुमच्या गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणलंत तर पहिली दहा पानं इथंच बसून भरून होतील.